बुजवलेल्या रेघा

मिरजेत त्या वर्षी कावळे हवेत बसायला लागले.

तुम्ही म्हणाल, कावळा हवेत उडतो, बसत नाही. मान्य. पण दोनशे अकरा माणसांनी हे पाहिलं आहे आणि त्यांतले पिणारे फार तर सहा-सात असतील. लक्ष्मी मार्केटच्या वर मोकळ्या आभाळात आठ-नऊ कावळे एका रांगेत निवांत पिसं कोरत बसलेले, आणि पायांखाली काही म्हणता काही नाही. ब्राह्मणपुरीत एका बाईंच्या साड्या दोरीवाचून वाळत. शेवयांची खीर वाढली तर वाटीत नुसतं दूध दिसे आणि शेवया थेट जिभेलाच भेटत. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी आपली नात गच्चीत उभी राहून दोन्ही हातांनी रिकामी हवा ओढताना पाहिली, आणि पोरगी पतंग उडवते आहे हे कळेपर्यंत तिला डॉक्टरांच्या दारात नेऊन उभं केलं होतं.

सगळ्यांत मोठा चमत्कार मात्र चेहऱ्यांवर झाला. त्या दोनशे अकरा जणांच्या घरांतल्या झाडून सगळ्या सुरकुत्या एका दिवसात गेल्या. पासष्टीच्या बायका पस्तिशीच्या दिसू लागल्या. पोस्टमास्तरांनी चाळीस वर्षांनी बायकोला गजरा आणला, तेव्हा ती बिचारी घाबरून गेली.

ही करणी देवाची नव्हती, भुताची तर नव्हतीच. ती होती वामन हिंगमिरे यांनी लिहिलेल्या अकरा ओळींची. आणि ज्या माणसानं एवढा आनंद वाटला, तो स्वतः मात्र चोरासारखा वावरत होता.

वामनराव म्हणजे पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मुलांना "हात लावू नका" असं सांगून निवृत्त झालेला माणूस. कपाळावर सात आठ्या, पाच मोठ्या आणि दोन लहान, झोपेतसुद्धा न उलगडणाऱ्या. त्यांच्या पत्नीची, कुमुदताईंची, दृष्टी कडेकडेनं विझत विझत आठ वर्षांत पार गेली. मग 'उघडा डोळा' आला. चष्म्याच्या दांडीत हरभऱ्याएवढा कॅमेरा, खिशात काडेपेटीएवढी डबी, आणि डोळ्याच्या आतल्या पडद्यावर बसवलेली नखाएवढी चकती. कॅमेरा बघतो, डबी त्या दृश्याचं विजेच्या बारीक टोचण्यांत भाषांतर करते, चकती त्या टोचण्या देते. मेंदू मोठा समजूतदार. चार-सहा महिन्यांत तो त्या टोचण्यांना चेहरे म्हणायला लागतो, भाजी म्हणायला लागतो, ऊन म्हणायला लागतो.

ही डबी चालायची 'चावडी'वर. चावडी म्हणजे कुणाच्याही मालकीची नसलेली संगणकप्रणाली. तिची ओळ न् ओळ उघडी. कुणीही वाचावी, दुरुस्त करावी, दुसऱ्याची अक्कल काढावी. काम सगळं हौशी लोकांचं. नियम दोनच. ज्यानं ओळ लिहिली त्याचं नाव त्या ओळीला चिकटतं, ते जन्मात सुटत नाही. आणि तक्रार बंद करायची तर आपल्याला स्वतःला काय आढळलं ते लिहायचं. डबीत दृश्याचं भाषांतर करणारा जो प्रोग्रॅम असतो, ग्राफिक्स ड्रायव्हर, त्याची राखणदारी वामनरावांकडे होती. बायकोसाठी म्हणून ते चावडीवर गेले होते आणि तिथेच बसले. तिथे ते 'बटू' या नावानं लिहीत.

तर या ड्रायव्हरला एक दुखणं होतं. डबीत दोन पाट्या असतात असं समजा. एका पाटीवर कॅमेरा नवं चित्र लिहितो, तोवर चकती दुसऱ्या पाटीवरचं वाचते. मग पाट्यांची अदलाबदल. पण चकतीचं वाचून संपायच्या आतच पाटी बदलली, तर अर्धं जग आत्ताचं आणि अर्धं मघाचं, आणि दोहोंच्या मधोमध एक चीर. कुमुदताई म्हणायच्या, "अहो, कुणीतरी जगावर ब्लेड मारतं आणि मग डोकं उठतं." सरळ उपाय असा, की वाचून संपल्याचा इशारा आला की पाटी बदलायची. पण चकतीतली चिप परदेशातली, आणि ती तो इशारा कुठून देते हे बनवणाऱ्यांचं गुपित. अंदाजानं थांबून पाहिलं तर जगच उशिरा यायला लागलं. चहा ओतताना कप भरलेला दिसेपर्यंत बशीही भरायची.

शेवटी वामनरावांनी अकरा ओळी लिहिल्या. लांब, बारीक, आजूबाजूशी न जुळणारी रेघ दिसली की ती चीर समजायची, आणि दोन्हीकडचा रंग ओढून ती बुजवून टाकायची. चकती गोल, तिची वाचायची रीतही वळणावळणाची. त्यामुळे रेघ आडवी असो, उभी असो, तिरकी असो, दिसली की बुजव. गवंडी भिंतीच्या भेगेत लांबी, म्हणजे पुट्टी, भरतो तसं. फक्त या गवंड्याला भेग कुठली आणि भिंतीवरून चाललेली मुंग्यांची रांग कुठली, हे विचारायची सवय नव्हती.

पाडव्याच्या सकाळी ही नववी आवृत्ती सगळ्या डब्यांत गेली.

कुमुदताईंनी चहाचा कप उचलला, नवऱ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या.

"अहो, तुम्ही हसताय?"

"मी? छे."

"मग रागावलेले नाही आहात?"

"पेपर वाचतोय, कुमुद."

"पेपर वाचताना इतके छान दिसता, हे छत्तीस वर्षांत मला कधी कळलंच नाही."

वामनराव उठून आरशापुढे गेले. सातही आठ्या जागच्या जागी होत्या. अकरा ओळींनी काय केलं ते त्यांना तिथेच, आरशापुढेच, कळलं. पण पाडव्याचा दिवस होता, घरात श्रीखंड होतं आणि बायको आतून गुणगुणत होती. सणाच्या दिवशी कशाला, म्हणून त्यांनी तो विचार उद्यावर टाकला.

उद्या काही उजाडला नाही. कारण घर बदललं. छत्तीस वर्षं कुमुदताई आधी त्या कपाळाकडे बघायच्या आणि मग तोंडातला शब्द सोडायचा की गिळायचा ते ठरवायच्या. दिसेनासं झालं तेव्हा कपाळाच्या अंदाजानं बोलायच्या, म्हणजे आणखीच कमी. आता कपाळ स्वच्छ दिसत होतं. त्या मनात येईल ते बोलू लागल्या, नवऱ्याची टिंगल करू लागल्या. "प्रयोगशाळा, भेंडी चिरा," असं म्हणून विळी पुढे सरकवू लागल्या. वामनराव चिडायचे, आठ्या घालायचे, पण समोरचं माणूस हसतंच आहे म्हटल्यावर चिडून करायचं काय? निम्म्या वेळा त्यांनाही हसू यायचं.

मे महिन्यात चावडीवर एक तक्रार आली.

'माझे वडील गफूर, सतारी करतात. पाडव्यापासून त्यांना सतारीच्या तारा दिसत नाहीत. भोपळा, दांडी, खुंट्या, पडदे सगळं दिसतं. तारा दिसत नाहीत. आधी दिसायच्या. कृपया बघावं. रेहाना.'

गफूरचाचांना मिरजेत कोण ओळखत नाही! बारा वर्षं डोळ्यांवाचून, नुसत्या बोटांनी, त्यांनी सतारी घडवल्या होत्या. 'उघडा डोळा' बसवलेल्यांच्या मासिक बैठकीत कुमुदताईंच्या शेजारची खुर्ची त्यांची. वामनरावांनी सतारीचा एक मोठा फोटो काढला, चाचणीच्या डबीपुढे धरला आणि यंत्राची नोंद उघडली. पडद्यावर एक ओळ उमटली.

बुजवलेल्या रेघा: अठरा.

त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं फोटोतल्या तारा मोजल्या. वरच्या सात, खालच्या, नुसत्या झंकारणाऱ्या तरफेच्या अकरा. अठरा.

आतल्या खोलीत कुमुदताई बहिणीशी फोनवर बोलत होत्या. "आमचे हे अगदी बदललेत गं. मला तर कधी कधी वाटतं, आंधळी होते तेच बरं, असे डोळे मिळायचे होते म्हणून."

वामनरावांनी यंत्राची नोंद मिटली. मग त्यांनी लिहिलं, 'माझ्याकडे सर्व तारा व्यवस्थित दिसतात. तक्रार बंद. बटू.'

वाक्य खोटं नव्हतं, हीच त्यातली हुशारी. त्यांच्या स्वतःच्या, आईबापांनी दिलेल्या डोळ्यांना फोटोतल्या अठराही तारा व्यवस्थित दिसत होत्या.

त्या दिवसापासून वामनरावांनी सतारमेकर गल्लीचा रस्ता सोडला. मंडईला जाताना ते वळसा घालून जाऊ लागले. कुमुदताईंनी विचारलं तर म्हणाले, पायांना व्यायाम. पण बुजवलेली रेघ भलतीकडून उगवते. त्यांना जिकडे तिकडे रेघाच दिसायला लागल्या. आभाळात तारा, भिंतीला भेगा, केळीच्या पानावरच्या शिरा. जिना चढताना पायऱ्या मोजल्या जायच्या आणि आकडा अठराच्या जवळ आला की ते मोजणं सोडून द्यायचे. एकदा कुमुदताई सुई-दोरा घेऊन बसल्या होत्या. "दोरा कुठं पडला कोण जाणे, आत्ता तर हातात होता," म्हणून हसत मांडी झाडत होत्या. दोरा त्यांच्या चिमटीतच होता. वामनरावांनी सुई घेतली, दोरा ओवून दिला आणि जेवताना आमटीला मीठ नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

ऑगस्टच्या बैठकीहून कुमुदताई आल्या त्या चप्पल न काढताच म्हणाल्या, "अहो, गफूरचाचांचं बोट कापलं. डाव्या हाताचं पहिलं. आतली शीर तुटली म्हणे, शिवलंय, पण बोट वाकत नाही. आणि ते दुकान बंद करतायत."

"बोटामुळे?"

"बोटामुळे नाही हो. डोकं चालेनासं झालं म्हणतात. शुक्रवारी नमाजनंतर हत्यारं पुतण्याला देऊन टाकणार. तुम्ही एकदा जाऊन या. तुम्हाला त्या डबीतलं कळतं, जरा धीर द्या. मी त्यांना सांगून आलेय, आमचे हे येतील म्हणून."

मंगळवार होता. वामनराव गेले.

दुकानात छताला भोपळे टांगलेले, लाखेच्या पॉलिशचा वास, आणि खाली सतरंजीवर गफूरचाचा, डाव्या हाताला पांढरं गाठोडं बांधून. खिडकीशी त्यांची मुलगी रेहाना वह्या तपासत बसली होती. ती शाळेत गणित शिकवायची.

"या वामनराव! बसा की. रेहाना, च्या टाक गं. साखर जरा सढळ टाक, मास्तर लोकास्नी गोड लागतंय."

"हे कसं झालं, चाचा?"

"काय व्हायचंय! खुंटी फिरंना. म्हटलं हवा वली हाय, फुगली असंल. बघतोय तर दांडी मोकळी, वर तार न्हाईच. म्हणून लावला जोर. अन् तार हुती की वर! आदल्या दिशी मीच चढवलेली. तुटली ती सरळ हितं." त्यांनी गाठोडं उचलून दाखवलं. "बारा वरीस आंधळा हुतो, एकदाबी रगात आलं न्हाई. तवा बोट पुढं जायाचं अन् मी मागनं. डोळं आलं, अन् मी पुढं जायला लागलो."

रेहानानं चहा ठेवला आणि फोन पुढे केला.

"काका, आम्ही तक्रार केली होती. त्याला हे उत्तर आलं. तुम्हीच वाचून सांगा यांना, तुम्हाला त्यातलं कळतं."

वामनरावांनी फोन हातात घेतला. आपलंच वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं. "माझ्याकडे सर्व तारा व्यवस्थित दिसतात. तक्रार बंद."

"बघा," चाचा म्हणाले. "म्हंजे डबी झ्याक हाय. चूक हितं हाय." त्यांनी उजव्या हातानं कानशिलावर टकटक केलं. "माझ्या अब्बांचंबी शेवटाला असंच झालं. आधी माणसांची नावं गेली, मग घराची वाट गेली. माझी सुरवात तारांपास्नं झाली, एवढंच. चाळीस वरीस ज्यांच्यासंगं काढली, त्या पैल्या गेल्या."

सांगायचं ते नेमकं तोंडाशी आलं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "तसं काही नसेल, चाचा. मेंदूला नव्या डोळ्यांची सवय व्हायला कधी कधी वेळ लागतो..."

"दीड वरीस झालं की."

"हो. म्हणजे... कुणाकुणाला लागतो."

चहा तसाच टाकून ते उठले. गल्लीच्या टोकाला विजेचा खांब होता आणि तारेवर कावळे बसले होते. वामनरावांना ती तार स्पष्ट दिसत होती. ते तिच्याकडे बघत उभे राहिले. मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली, शिवी दिली, बाजूनं निघून गेला. मग ते दुकानाकडे फिरले.

"इसरला काय, मास्तर?"

"हो," वामनराव दारातच उभे राहून म्हणाले. "ते उत्तर मी लिहिलंय. बटू मीच."

रेहानानं वहीतून मान वर केली. "तुम्ही? मग तुम्हाला बिघाड दिसला नव्हता?"

"दिसला होता. अठरा रेघा बुजल्या होत्या. मी मोजल्या होत्या. डबीच खातेय तारा. माझ्या ओळींमुळे."

चाचांनी आधी जे विचारलं, ते वामनरावांनी वाटेत कल्पलेल्या एकाही शिवीत बसणारं नव्हतं.

"म्हंजे... माझं डोकं ठीक हाय?"

"अगदी ठीक आहे, चाचा."

म्हातारा हसायला लागला. हसता हसता चांगल्या हातानं डोळे पुसायला लागला. त्या हसण्यानं वामनरावांना जे झालं ते थोबाडीत बसून झालं नसतं.

ती कसर रेहानानं भरून काढली. "तीन महिने! काका, तीन महिने अब्बा रोज सकाळी उठल्यावर घरातल्या सगळ्यांची नावं म्हणतात. गेलेल्यांचीसुद्धा. एखादं विसरलो तर नाही ना म्हणून. मोठ्यानं म्हणतात. मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. आणि तुम्हाला आकडा माहीत होता! का केलंत असं?"

वामनराव काय सांगणार? खरं कारण जिभेवर घेतल्यावर इतकं पोरकट वाटलं, की त्यांना ते खाली बघूनच सांगावं लागलं. "बायकोला माझ्या आठ्या दिसत नव्हत्या."

चाचांनी चष्मा सारखा करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "हायत का आठ्या?"

"सात."

"तरीच! मी म्हणत हुतो, ह्यो माणूस एवढा चांगला कधीपास्नं झाला."

रेहाना हसली नाही. "आता दुरुस्त करा," ती म्हणाली.

"त्या अकरा ओळी आज काढून टाकतो. पण मग सगळ्यांच्या डोळ्यांत चिरा परत येतील. खरी तार आणि खोटी चीर, दोन्ही बारीक, दोन्ही लांब. ओळखायची कशी तेच कळत नाही."

"त्यात काय कळायचंय!" चाचा म्हणाले. "मान हलवा की."

"काय?"

"ल्हानपणापास्नं माझ्या डोळ्यात एक केस असल्यागत दिसायाचं. दांडीवर तार हाय का ह्यो माझा केस, कळायाचं न्हाई. अब्बा म्हणायचं, मान हलव. डोळ्यातला केस तुझ्यासंगं यील. तार जाग्याला ऱ्हाईल."

वामनरावांनी दारातच स्वतःची मान हलवून पाहिली. चष्म्याच्या दांडीत मान किती वळली हे मोजणारा सेन्सरचा एक कण होताच. जगातली रेघ मान वळली की चित्रात सरकते. ड्रायव्हरची चीर मात्र चित्रात जिथल्या तिथे राहते, म्हणजे डोळ्याबरोबर फिरते. सरकली ती खरी, चिकटून राहिली ती खोटी. आणि कुठलाही माणूस पाव सेकंदसुद्धा मान अगदी स्थिर ठेवू शकत नाही, त्यामुळे वाट बघायचंही कारण नाही. एकतीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला हे सतारवाल्याच्या बापानं शिकवावं, हे त्या दिवशी त्यांना फारसं लागलं नाही. लागायला दुसरं पुष्कळ होतं.

"मग हत्यारं देऊ नका, चाचा."

"तोंडानं सांगितल्यालं एकदा ऐकलंय तुमचं," गफूरचाचा शांतपणे म्हणाले. "शुक्कीरवारपातूर तारा दिसूदेत. मग बघू."

वामनराव घरी गेले आणि आधी ती बंद तक्रार उघडली. तिच्याखाली लिहिलं, 'मला मे महिन्यातच अठरा रेघा बुजलेल्या आढळल्या होत्या. मी ते लपवलं. एका माणसाला इजा झाली आहे. वामन हिंगमिरे.' चावडीवर गदारोळ उठला. वामनरावांनी सगळं वाचलं आणि एकालाही उलट उत्तर दिलं नाही. तिथल्या जुन्या मंडळींना हाच मोठा धक्का होता.

बुधवार आणि गुरुवार दुपारपर्यंत त्यांनी नव्या ओळी लिहिल्या, चाळीस झाल्या. गुरुवारी चार वाजता दहावी आवृत्ती पाठवायची वेळ आली. यादीत दोनशे अकरा डब्या होत्या. वामनरावांनी यादीतल्या एका नावापुढची खूण काढली आणि दोनशे दहा डब्यांना आवृत्ती पाठवली.

म्हणजे बघा, माणूस एका बाजूनं लिंपलेलं सगळं खरवडून काढतो आणि दुसऱ्या बाजूला हळूच बोटभर लांबी ठेवतो.

शुक्रवारी सकाळी फोन सुरू झाले. पहिला पोस्टमास्तरांचा.

"कुमुदताई, कावळे खाली उतरले! म्हणजे तारेवर बसले. ते ठीक. पण आमच्या सौभाग्यवती एका दिवसात तीस वर्षांनी वाढल्या हो. यजमानांना म्हणावं, एक उपकार करा, आमचा नऊ नंबर परत द्या. काय म्हणता? नाही नाही, तिला सांगू नका मी असं म्हणालो म्हणून."

कुमुदताईंनी फोन ठेवला. खिडकीतून बाहेर पाहिलं. त्यांचे कावळे अजून हवेतच बसलेले होते.

"अहो, सगळ्यांना दहा आला. मला का नाही आला?"

वामनरावांनी सांगायला सुरुवात केली. पाडव्याच्या आरशापासून ते काल काढलेल्या खुणेपर्यंत, एकही टप्पा न गाळता. कुमुदताई मधे एकदाच बोलल्या. "म्हणजे चाचांकडे तुम्हाला धीर द्यायला मी पाठवलं होतं?"

"हो."

"टाका दहा."

"कुमुद, मी फक्त एवढंच..."

"टाका म्हणते ना."

डबीनं बारीकसा आवाज केला. कुमुदताईंनी मान थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे. मग त्या जवळ आल्या आणि बोटानं एकेक करून मोजू लागल्या. सात झाल्या.

"पाडव्यापासून मी हसत बोलत होते, तेव्हा तुम्ही चिडलेले असायचात?"

"निम्म्या वेळा."

"आणि मला वेड्यासारखं बडबडू दिलंत."

"तू हसत राहिलीस की चिडणं टिकायचं नाही, कुमुद. हे मात्र खरं सांगतोय."

"खरं काय ते आता मी बघून ठरवीन," कुमुदताई म्हणाल्या, आणि पायात चप्पल घातली. "चला. चाचा नमाजला जायच्या आत पोचायला हवं."

दुकानात हत्यारं एका फडक्यावर मांडून ठेवलेली होती. कानशी, पटाशा, एक जुनी छोटी करवत. चाचांनी मांडीवर सतार घेतली आणि मान हलवली, या बाजूला, त्या बाजूला. ओठ हलत होते. रेहाना दाराशी उभी होती, हाताची घडी घालून. सात झाल्यावर म्हातारा जरा थांबला, सतार उजेडाकडे तिरकी केली आणि पडद्यांच्या फटीतून खालच्या तारा मोजू लागला.

"अठरा," तो म्हणाला. मग चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. कुणी घाई केली नाही. "अठरा. रेहाना, फडकं गुंडाळ गं."

वामनराव काहीतरी बोलायला गेले. माफी वगैरे.

"ते ऱ्हाऊद्या," चाचा म्हणाले. "तुमचं डावं बोट बघू. हां. मऊ हाय, चालंल. माझं बोट दाबत न्हाई आता. तार दाबल्याबिगर मला सूर कळत न्हाई, अन् सूर कळल्याबिगर सतार हुत न्हाई. रोज दुपारी तीन ते पाच यायचं. मी सांगीन तिथं दाबायचं. दुखंल."

"किती दिवस?"

"माझं बोट वाकंपातूर."

"आणि नाही वाकलं तर?"

चाचांनी मांडीवरची सतार त्यांच्याकडे वळवली.

त्या दिवसापासून वामनराव रोज तीनला सतारमेकर गल्लीत जातात, वळसा न घालता. घरी कुमुदताई पूर्वीसारख्या गुणगुणत नाहीत. पण पूर्वीसारखं कपाळाकडे बघून शब्दही गिळत नाहीत. आठ्या दिसतात, त्या दिसल्याचं सांगतात, आणि जे म्हणायचं ते म्हणतात. "पाच मोठ्या आल्या आहेत. तरी सांगते, भेंडी जाड चिरलीत." वामनराव चिडतात. मग चिरतात.

महिना झाला असेल. सकाळचा चहा पुढे ठेवून वामनरावांनी हात मागे घेतला, तो कुमुदताईंनी मनगटाला धरून थांबवला. डाव्या हाताचं पहिलं बोट उजेडात वळवलं. शेंड्यावर तारेची एक खोल खाच पडली होती, केसाएवढी बारीक, कडेला जरा काळपट.

कुमुदताईंनी मान हलवली, या बाजूला, त्या बाजूला. खाच डोळ्याबरोबर आली नाही, बोटावरच राहिली.

"दुखतं?"

"दुखतं."

त्यांनी बोट सोडलं नाही. दुसऱ्या हातानं कप जवळ ओढला आणि तसाच चहा प्यायल्या.